विदर्भाचा दगडी कोळसा : त्याची घडण आणि आपले जीवन

(चंद्रपूर जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



दगडी कोळसा हा विषय या जिल्ह्यातील लोकांना नवा नाही. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, राजुरा या भागांतील कित्येक कुटुंबांची चूल खाणीच्या पगारावर पेटते. पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील वणी, नागपूर जिल्ह्यातील कामठी आणि उमरेड येथेही तीच स्थिती आहे. कोळसा आपण रोज पाहतो. परंतु तो कशाचा बनलेला आहे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. काळा दगड, जळतो, एवढे ज्ञान आपणांस पुरेसे वाटते. प्रत्यक्षात कोळशाची किंमत, विजेचा खर्च, गावावर साचणारी राख, नाल्याचे तांबूस झालेले पाणी आणि खाणीत धुमसणारी आग या सर्व गोष्टींचे मूळ त्याच्या रासायनिक व खनिज घडणीत आहे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे प्रयोगशाळेची भाषा बाजूला ठेवून, सर्वसामान्य नागरिकाला उपयोगी पडेल अशा रीतीने हा विषय मांडण्याचा माझा प्रयत्न राहील.

गोंडवनाचा वारसा

भारतातील बहुतेक सर्व दगडी कोळसा ज्या खडकांत सापडतो त्यांना भूशास्त्रात ‘गोंडवन’ असे म्हणतात. हेन्री मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये हे नाव सुचविले. गोंड लोकांच्या प्रदेशावरून आलेले हे नाव पुढे इतके रूढ झाले, की दक्षिण गोलार्धातील भूखंड एकेकाळी जोडलेले होते त्या प्राचीन महाखंडालाही तेच मिळाले. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. जगाच्या भूशास्त्राने स्वीकारलेल्या या नावाशी आपल्या भूमीचा असा थेट संबंध आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

या खडकांच्या तळाशी हिमनद्यांनी वाहून आणलेले गोटे आढळतात. चंद्रपूरजवळ इरई परिसरातील चुनखडकावर हिमाने ओरखडे काढल्याच्या खुणा आहेत आणि फेडन यांनी १८७५ मध्ये त्यांची नोंद केली. आज जेथे मे महिन्यात अंगाची लाही होते, तेथे एकेकाळी बर्फ होता. ते बर्फ वितळल्यानंतर, सुमारे २७ ते २९ कोटी वर्षांपूर्वी, नद्यांच्या विस्तीर्ण खोऱ्यांत दलदली निर्माण झाल्या आणि त्यांभोवती अरण्ये वाढली. त्यांतील प्रमुख वनस्पती ग्लॉसॉप्टेरिस ही होय. जिभेच्या आकाराची तिची पाने खडकांत ठशांच्या रूपाने टिकून राहिली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूर येथे राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी अशा ठशांचा मोठा संग्रह केला. तो इंग्लंडात पोहोचला आणि १८६१ मध्ये बनबरी यांनी त्यातील वनस्पतींचे वर्णन प्रसिद्ध केले.

पाल्यापासून पाषाणापर्यंत

वनस्पती मरून पडली आणि तिला मुबलक हवा मिळाली, तर ती कुजून जाते व तिच्यातील कार्बन वायुरूपाने आकाशात परततो. दलदलीच्या पाण्याखाली हवा पोहोचत नाही. तेथे कुजण्याची क्रिया अर्धवट राहते आणि ‘पीट’ नावाचा तपकिरी, ओला लगदा साचतो. त्यावर वाळू व चिखलाचे थर चढत जातात. दाब आणि जमिनीच्या पोटातील उष्णता यांमुळे लगद्यातील पाणी व ऑक्सिजन हळूहळू बाहेर पडतो आणि कार्बनचे प्रमाण वाढत जाते. पीटपासून लिग्नाइट, लिग्नाइटपासून बिट्युमिनस कोळसा आणि शेवटी अँथ्रासाइट, अशी ही चढती श्रेणी आहे. पाणी व खनिजे वगळून हिशेब केला, तर लिग्नाइटमध्ये सुमारे ६० ते ७५ टक्के, बिट्युमिनस कोळशात ७५ ते ९० टक्के आणि अँथ्रासाइटमध्ये त्याहून अधिक कार्बन असतो.

वर्धा खोऱ्यातील कोळसा या श्रेणीत बिट्युमिनस गटाच्या खालच्या भागात बसतो. त्याच्या अंगात ओलावा बराच असतो आणि तो तापविला असता वितळून घट्ट कोक बनत नाही. पोलादाच्या झोतभट्टीला कोक लागतो, म्हणून त्यासाठी झारखंडातील झरियासारख्या क्षेत्रांकडे पाहावे लागते. आपला कोळसा मुख्यतः वाफ आणि वीज निर्माण करण्याच्या कामी येतो. यात कमीपणा काहीच नाही. प्रत्येक वस्तूचे कार्य तिच्या घडणीनुसार ठरते, इतकाच त्याचा अर्थ.

शिक्षकांनी वर्गात एक साधे निरीक्षण अवश्य करावे. कोळशाचा ढेकळा हातात घेऊन उजेडात फिरवून पाहावा. त्यात काचेसारखे चकाकणारे पट्टे दिसतील, काही निस्तेज राखाडी पट्टे दिसतील, तर काही ठिकाणी लाकडी कोळशासारखा ठिसूळ, बोटे काळी करणारा पदार्थ आढळेल. मेरी स्टोप्स या इंग्रज विदुषीने १९१९ मध्ये अशा पट्ट्यांचे चार प्रकार सांगून त्यांना नावे दिली. चकाकणारा भाग मुख्यतः खोड व सालीपासून झालेला असतो. निस्तेज भागात बीजाणूंचे अवशेष, हवेच्या संपर्काने आधीच जीर्ण झालेले वनस्पतींचे तुकडे आणि चिखलाचे कण असतात. गोंडवन कोळशात हा जीर्ण, निष्क्रिय अंश युरोपातील कोळशाच्या तुलनेने पुष्कळ आहे. आपल्या बहुतांश कोळशाचा कोक न होण्याचे हेही एक कारण आहे.

रासायनिक घडण

कोळशाचे जळणारे अंग पाच मूलद्रव्यांचे असते : कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि गंधक. उष्णता मुख्यतः कार्बन देतो. एक किलो शुद्ध कार्बन पूर्ण जळाला, तर सुमारे ८,०८० किलोकॅलरी उष्णता मिळते. हायड्रोजन वजनाने थोडा असला, तरी उष्णता देण्यात कार्बनच्या चौपट आहे. ऑक्सिजनचे मात्र उलटे आहे. जो कार्बन व हायड्रोजन आधीच ऑक्सिजनशी जखडलेला आहे, तो एका अर्थाने अर्धा जळून गेलेलाच असतो. म्हणून ज्या कोळशात ऑक्सिजन जास्त, त्याचा ताव कमी.

प्रत्यक्ष व्यवहारात मूलद्रव्ये मोजण्यापेक्षा चार गोष्टी मोजण्याची पद्धत रूढ आहे. भारतीय मानकानुसार दळलेला कोळसा १०८ अंश सेल्सिअसला वाळविला, की वजनात येणारी घट हा ओलावा. झाकणाच्या मुशीत ९०० अंशांवर सात मिनिटे तापविला, की उडून जाणारा भाग, ओलावा वजा करून, हे बाष्पनशील द्रव्य. ८१५ अंशांवर उघड्यावर पूर्ण जाळला, की उरणारी ती राख. या तिन्हींची बेरीज शंभरातून वजा केली, की राहतो तो स्थिर कार्बन. समजा, एखाद्या नमुन्यात ओलावा ८, बाष्पनशील द्रव्य २६ आणि राख ३४ टक्के निघाली, तर स्थिर कार्बन ३२ टक्के झाला. म्हणजे शंभर किलो कोळशात जळणारा माल ५८ किलो. उरलेले ४२ किलो पाणी आणि माती.

राख आली कोठून?

आता आपण या विषयाच्या गाभ्याकडे येतो. भारतातील विद्युत केंद्रांना मिळणाऱ्या कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः २५ ते ४५ टक्के असते. परदेशांतून व्यापारात येणाऱ्या पुष्कळशा कोळशात ते याच्या निम्म्याहूनही कमी असते. हा फरक का पडला?

आपल्या दलदली वाहत्या नद्यांच्या सान्निध्यात होत्या. पुराचे पाणी वारंवार आत येई आणि गाळ सोडून जाई. काही अभ्यासकांच्या मते वनस्पतींचा मोठा भाग हा मुळात पाण्याबरोबर वाहत येऊन खोलगट जागी साचलेला आहे. पालापाचोळा आणि चिखल एकाच वेळी, एकाच जागी बसत गेले. त्यामुळे खनिजे कोळशाला वरून चिकटलेली नाहीत. पिठात कोंडा मिसळावा तशी ती कणाकणांत मिसळलेली आहेत.

या खनिजांत सर्वाधिक वाटा चिकणमातीच्या खनिजांचा, विशेषतः केओलिनाइटचा असतो. त्यांच्या खालोखाल क्वॉर्ट्झ, म्हणजे गारगोटीचे बारीक कण. त्याशिवाय सिडेराइट हे लोहाचे कार्बोनेट, कॅल्साइट हे चुन्याचे कार्बोनेट आणि पायराइट हे लोह व गंधक यांचे सोनेरी चमकीचे खनिज अल्प प्रमाणात आढळते.

येथे एक बारकावा लक्षात ठेवला पाहिजे. राख आणि मूळ खनिजे या एकच वस्तू नव्हेत. भट्टीच्या उष्णतेत केओलिनाइटमधील सुमारे १४ टक्के बद्ध पाणी निघून जाते. कॅल्साइट आपल्या वजनापैकी ४४ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडतो. पायराइटमधील गंधक उडून जातो आणि लोहाचे ऑक्साइड मागे राहते. म्हणून कोळशातील खनिजांचे खरे वजन राखेच्या वजनापेक्षा थोडे अधिक असते. उरलेल्या राखेत साधारणपणे निम्म्याहून अधिक सिलिका, पाव हिश्शाच्या आसपास ॲल्युमिना आणि त्यानंतर लोहाचे ऑक्साइड असते; चुना, मॅग्नेशिया, टायटॅनिया, सोडा व पोटॅश यांचा अंश त्याहून लहान असतो. सिलिका व ॲल्युमिना भरपूर असल्यामुळे आपल्या कोळशाची राख सहजासहजी वितळत नाही. बाष्पित्राच्या नळ्यांवर वितळलेल्या राखेची पुटे चढण्याचा त्रास त्यामुळे कमी होतो. मात्र गारगोटीचे कण कठीण असतात. ते कोळसा दळणाऱ्या चक्क्या व नळ्या झिजवितात.

राखेचा अर्थ व्यवहारात किती मोठा आहे, हे एका हिशेबावरून कळेल. चार हजार टन कोळशाची एक मालगाडी केंद्रात आली आणि त्यात ४० टक्के राख असली, तर १,६०० टन माती आपण भाडे देऊन वाहून आणली. प्रत्येक पाच वाघिणींपैकी दोन वाघिणी मातीच्या.

प्रत कशी ठरते?

औष्णिक कोळशाची प्रत ठरविण्यासाठी आपल्या देशात अनेक वर्षे ‘उपयुक्त उष्णतामूल्य’ ही कसोटी होती. राख आणि ओलावा यांच्या टक्क्यांची बेरीज करावी, तिला १३८ ने गुणावे आणि तो गुणाकार ८,९०० मधून वजा करावा, असे साधे सूत्र होते. वर दिलेल्या नमुन्यात बेरीज ४२ येते. म्हणून मूल्य ३,१०४ किलोकॅलरी झाले आणि कोळसा ‘एफ’ प्रतीत बसला. ‘ए’पासून ‘जी’पर्यंतच्या या सात प्रतींची जागा २०१२ च्या प्रारंभापासून एकूण उष्णतामूल्यावर आधारलेल्या सतरा प्रतींनी घेतली. दर किलोस ७,००० किलोकॅलरीहून अधिक उष्णता देणारा कोळसा पहिल्या प्रतीत येतो. त्यानंतर दर ३०० किलोकॅलरीला एक पायरी खाली, याप्रमाणे २,२०१ ते २,५०० किलोकॅलरीच्या सतराव्या प्रतीपर्यंत ही शिडी उतरते.

प्रतीवर किंमत, आणि किमतीवर विजेचा खर्च अवलंबून असल्याने नमुना घेण्याच्या कामाला फार महत्त्व आहे. कोळशाच्या ढिगात ढेकळे व भुकटी वेगवेगळी बसतात. दगड एका बाजूस, चकाकणारा कोळसा दुसऱ्या बाजूस. एकाच जागची पाटी भरून घेतली, तर तो नमुना खोटे बोलतो. म्हणून अनेक ठिकाणांहून थोडा थोडा माल घ्यायचा, तो फोडून मिसळायचा, त्याची रास करून चार समान भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकायचे, आणि हीच क्रिया पुन्हा पुन्हा करीत लहान नमुन्यापर्यंत यायचे, अशी रीत आहे. हजारो टनांचा निवाडा अखेरीस एक ग्रॅम भुकटीवर होतो. ती भुकटी प्रामाणिकपणे निवडलेली असणे हा सार्वजनिक पैशाचा प्रश्न आहे.

धुलाईच्या मर्यादा

कोळसा धुऊन माती काढून टाकता येणार नाही काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. येते, परंतु काही अंशीच. शुद्ध कोळशाची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट आणि दगडाची अडीच पटीच्या आसपास असते. पाण्यात मॅग्नेटाइटची बारीक पूड मिसळून मधल्या घनतेचा द्रव तयार केला, की कोळसा तरंगतो व दगड बुडतो. थरांच्या मधल्या शेलचे तुकडे अशा रीतीने सहज वेगळे होतात. परंतु कणाकणांत मिसळलेली माती वेगळी होत नाही, कारण तेथे प्रत्येक तुकडाच अर्धा कोळसा आणि अर्धी माती असतो. तो ना धड तरंगतो, ना धड बुडतो. फार धुवावे, तर कोळसाही दगडाबरोबर वाया जातो. दूरवरच्या विद्युत केंद्रांनी ३४ टक्क्यांपेक्षा अधिक राखेचा कोळसा वापरू नये, असे बंधन पूर्वी केंद्र शासनाने घातले होते. २०२० मध्ये ते मागे घेण्यात आले.

गंधक, पाणी आणि आग

गोंडवन कोळशात गंधक सामान्यतः एक टक्क्याहून कमी असतो. मेघालय व आसाममधील नंतरच्या काळातील कोळशात राख कमी, पण गंधक कितीतरी अधिक असतो. तेथील कोळसा समुद्राच्या सान्निध्यात घडला, हे त्याचे कारण. तथापि थोडा गंधकही मोठ्या वजनात थोडा राहत नाही. चार हजार टनांत अर्धा टक्का म्हणजे २० टन गंधक. तो जळाला, की ४० टन सल्फर डायऑक्साइड तयार होतो.

गंधक पायराइटच्या रूपात असला, तर त्याचा उपद्रव जळण्याच्या आधीच सुरू होतो. खाण उघडली, की हवा व पाणी त्या खनिजापर्यंत पोहोचते. त्यातून गंधकाम्ल आणि लोहाचे क्षार तयार होतात. पाणी आम्लधर्मी होते व वाहत्या नाल्याच्या तळाशी तांबूस-पिवळा साका बसतो. असे पाणी पंप, पाईप, पीक व जनावरे या सर्वांना बाधक ठरते. चुना किंवा चुनखडी घालून ते उदासीन करणे, गाळ बसू देणे आणि मगच बाहेर सोडणे हा त्यावरील उपाय आहे. निसर्गाने आपल्या जिल्ह्यात कोळशाच्या शेजारीच चुनखडकाचेही साठे ठेवले आहेत, हे येथे लक्षात घ्यावे.

आगीचेही मूळ घडणीतच आहे. कमी श्रेणीच्या, ओलावा व ऑक्सिजन अधिक असलेल्या कोळशाला हवेतील ऑक्सिजन शोषून घेण्याची ओढ असते. त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. ढिगाच्या पोटात ती कोंडून राहिली, तर काडी न लावता कोळसा पेट घेतो. पायराइट असल्यास भर पडते. म्हणून साठे उंच न रचता दाबून पसरविणे, जुना माल आधी वापरणे आणि सोडलेल्या खाणी बंदिस्त करणे आवश्यक ठरते. धुमसत्या ढिगाजवळ मुलांनी जाऊ नये, कारण तेथे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो आणि त्याला रंग वा वास नसतो.

राखेचे काय करावे?

चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये कार्यान्वित झाला. कोराडी व खापरखेडा हीदेखील विदर्भातील मोठी केंद्रे. बाष्पित्रात दळलेला कोळसा जळतो, तेव्हा सुमारे पाचातील चार भाग राख धुराबरोबर उडते. उरलेली तळाशी पडते. उडणारी राख विद्युत-स्थैतिक यंत्रणेने पकडली जाते. पकडलेली राख पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडण्याची पद्धत अनेक वर्षांची आहे. उन्हाळ्यात बंधारा कोरडा पडला, की वारा ती गावांवर नेतो. तिच्यातील बारीक सिलिका श्वासावाटे छातीत जाणे हितावह नाही. आर्सेनिक, शिसे, पारा यांसारखी मूलद्रव्येही कोळशात अत्यल्प प्रमाणात असतात. पारा बहुतांशी वायुरूपाने जातो, तर इतर मूलद्रव्ये राखेत एकवटतात. त्यामुळे राख-बंधाऱ्यांजवळील विहिरींची तपासणी नियमित होणे अगत्याचे आहे.

पण हीच राख उपयोगाचीही आहे. चिकणमाती अतिउष्णतेत वितळून लगेच थंड होते, तेव्हा तिचे काचेसारखे सूक्ष्म गोळे बनतात. चुना व पाणी यांच्या सहवासात ते सिमेंटसारखे घट्ट होतात. पोझोलाना सिमेंटमध्ये भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख घालता येते. विटा, ठोकळे, रस्त्यांचे भराव आणि रिकाम्या खाणींचे भरण हे तिचे इतर उपयोग. राखेच्या वापरासाठी केंद्र शासनाने १९९९ मध्ये अधिसूचना काढली. महाराष्ट्राने २०१६ मध्ये राखेच्या वापराचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. संपूर्ण राख उपयोगात आणण्याचे बंधन घालणारी नवी अधिसूचना २०२१ च्या अखेरीस निघाली.

आपले कर्तव्य

बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झाले आणि १९७५ पासून विदर्भातील बहुतेक खाणींचा कारभार नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीकडे आला. २०२४-२५ मध्ये देशाच्या कोळसा उत्पादनाने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. एक टन कार्बन जळाला, की सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हेही आता सर्वज्ञात आहे. सूर्य व वारा यांपासून मिळणारी वीज वाढत आहे. तरीही काही काळ कोळसा आपल्याबरोबर राहणार, आणि तो संपल्यानंतरही त्याची राख, त्याचे खड्डे व त्यांत साचलेले पाणी आपल्याबरोबर राहणार आहे.

अशा वेळी ज्ञान हेच नागरिकाचे साधन होय. ग्रामसभेत केवळ ‘धूळ फार होते’ असे म्हणण्यापेक्षा नेमके प्रश्न विचारावेत. येथील कोळशात राख किती? ती कोठे जाते आणि तिचा किती भाग वापरला जातो? खाणीचे पाणी बाहेर सोडण्यापूर्वी त्याची आम्लता मोजली जाते काय, आणि ती नोंद गावाला पाहता येईल काय? बंधाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी शेवटचे केव्हा तपासले? शाळांनीही मागे राहू नये. लिटमस कागदाने नाल्याचे पाणी पाहणे, प्रत्येक ऋतूत त्याचा रंग व आम्लता वहीत लिहून ठेवणे, हा नववीच्या विद्यार्थ्याला सहज जमणारा उपक्रम आहे. पाच वर्षांची अशी वही हा गावाचा मौल्यवान दस्तऐवज ठरेल.

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अरण्याने सूर्याचा प्रकाश साठवून ठेवला आणि नद्यांनी त्यात माती मिसळली. ते मिश्रण जसे आहे तसेच आपल्या वाट्याला आले आहे. त्यातील उष्णतेचा लाभ साऱ्या राज्याला मिळतो. मग त्यातील मातीचा भार केवळ खाणीशेजारच्या गावांनी वाहू नये, यासाठी शासन, उद्योग आणि लोक यांनी मिळून झटले पाहिजे.